स्थूलता, पिष्टान्न आणि बँटिंगचें पत्र



गेल्या दिवाळींत आमच्या घरीं फराळाचें ताट पुढें आलें आणि मुंबईहून आलेल्या माझ्या पुतण्यानें तें दोन्ही हातांनीं मागें सारलें. "काका, कार्ब बंद आहेत," असें तो म्हणाला. त्याच्या काकूनें चार दिवस खपून केलेल्या चकल्या, करंज्या व अनारसे यांजकडे त्यानें ढुंकूनही पाहिलें नाहीं. मात्र पनीरचे तुकडे, दोन अंडीं आणि मूठभर बदाम त्यानें मन लावून खाल्ले. तीन महिन्यांत त्याचें ११ किलो वजन उतरलें होतें, व चेहरा खरोखरच तरतरीत दिसत होता. घरांतल्या मंडळींनीं त्याला नाना प्रश्न विचारले. मी एकच विचारला : "हें असेंच राहील का?" त्यावर तो हंसून म्हणाला, "तुम्ही इतिहासाचे मास्तर. तुम्हींच शोधून सांगा." त्या शोधांतून जें हातीं लागलें तेंच आज आपणांपुढें ठेवीत आहें.

आरंभींच एक कबुली दिली पाहिजे. मी वैद्य नव्हें. मॅट्रिक होऊन शाळेंत शिक्षक झालों, ३६ वर्षें इतिहास व मराठी शिकविलें आणि निवृत्त झालों. औषधोपचाराची भाषा माझी नव्हे. परंतु एखादें मत कोठून निघालें, कोणीं उचलून धरलें, कोणीं हिणवलें आणि शेवटीं अनुभवाच्या कसोटीस तें किती उतरलें, हें पाहण्याची मला संवय आहे. पिष्टमय पदार्थ व साखर सोडली म्हणजे मेद झडतो, हें मत कांहीं आजकालचें नाहीं. ब्रिया-साव्हारँ नांवाच्या एका फ्रेंच न्यायाधीशानें १८२५ सालीं रसनासुखावर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यांत स्थूलतेचें खापर त्यानें पिठावर व पिष्टावरच फोडलें आहे. तथापि हें मत घरोघरीं पोंचविण्याचें श्रेय न्यायाधीशाकडे जात नाहीं, वैद्याकडेही जात नाहीं. तें जातें लंडन शहरांत अंत्यविधींची व्यवस्था करणाऱ्या एका गृहस्थाकडे.

विल्यम बँटिंग हें त्याचें नांव. जन्म १७९६ सालचा. त्याच्या घराण्याची पेढी साधी नव्हे. राजघराण्यांतील अंत्ययात्रांचा मान तिच्याकडे असे. तिसऱ्या जॉर्ज राजाची १८२० मधील अंत्ययात्रा याच पेढीनें पार पाडली, आणि असईच्या रणांत शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा जो आर्थर वेल्स्ली, पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, त्याची १८५२ मधील डोळे दिपविणारी अंत्ययात्राही याच पेढीची. असा हा प्रतिष्ठित, व्यवस्थित, पैशानें सुखी मनुष्य. परंतु चाळिशीच्या सुमारास त्याचें शरीर सुटूं लागलें, आणि पुढें वीस-पंचवीस वर्षें तें सुटतच गेलें. उंची ५ फूट ५ इंच आणि वजन २०२ पौंड, म्हणजे आपल्या मापानें सुमारें ९२ किलो. बुटाचे बंद बांधण्यासाठीं त्याला वांकतां येईना. जिना उतरतांना गुडघ्यांवर व घोट्यांवर भार पडूं नये म्हणून तो पाठमोरा, एकेक पायरी चांचपडत उतरे. रस्त्यांत, गाडींत, सभेंत लोक त्याच्याकडे पाहून कुजबुजत, टोमणे मारीत. त्यामुळें सार्वजनिक ठिकाणीं जाणेंच त्यानें कमी केलें. हें सारें त्यानें स्वतःच मोकळेपणानें लिहून ठेविलें आहे. स्थूल मनुष्याच्या लाजेविषयीं इतकें साधेपणानें लिहिणारा गृहस्थ त्या काळांत विरळाच, आणि मला वाटतें, त्याच्या पुढील कीर्तीचें अर्धें कारण या साधेपणांत आहे.

उपाय करावयाचे त्यानें कांहीं बाकी ठेविले नव्हते. कोणीं व्यायाम सांगितला म्हणून तो रोज पहाटे दोन तास होडी वल्हवूं लागला. बाहूंत बळ आलें. पण त्याबरोबर भूकही अशी कडकडून लागूं लागली कीं वजन उतरण्याऐवजीं वाढलें. घोड्यावर बसून झालें, समुद्रस्नानें झालीं, आरोग्यस्थानांतील खनिज पाणी पिऊन झालें, तुर्की पद्धतीचीं वाफेचीं स्नानें पन्नासपर्यंत झालीं. त्यांतून हातीं लागले अवघे पांचसहा पौंड. आपल्याकडील व्यायामशाळांत आज जी मंडळी सकाळीं घाम गाळतात व येतांना मिसळीवर ताव मारतात, त्यांना बँटिंगची ही होडी ओळखीची वाटेल.

शेवटीं त्याला कमी ऐकूं येऊं लागलें आणि त्यामुळेंच त्याचें दैव उघडलें. १८६२ च्या ऑगस्टमध्यें तो विल्यम हार्वे नांवाच्या कर्णरोगतज्ज्ञ शस्त्रवैद्याकडे गेला. रक्ताभिसरणाचा शोध लावणारा हार्वे तो निराळा, त्याच्या दोनशें वर्षें आधींचा. या हार्वेनें कान पाहिला आणि रोग कानांत नसून सर्वांगावर चढलेल्या चरबींत आहे असें सांगितलें. कांहीं वर्षांपूर्वीं त्यानें पॅरिसमध्यें क्लॉद बेर्नार या थोर शरीरशास्त्रज्ञाचीं व्याख्यानें ऐकलीं होतीं. यकृत स्वतः साखर तयार करतें हा बेर्नारचा शोध त्या काळीं नवा होता. मधुमेह्यांना मांसाहारावर ठेवून पाहण्याची चाल तर अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनच होती. हार्वेनें हीं सूत्रें जुळविलीं, आणि गुरें पुष्ट करण्यासाठीं आपण त्यांना धान्यच चारतों ही शेतकऱ्याची गोष्टही त्यांत घातली. मग त्यानें बँटिंगला बजावलें : पाव, लोणी, दूध, साखर, बिअर व बटाटे शक्य तितके वर्ज्य करावेत.

बँटिंगला हें ऐकून धक्काच बसला. कारण तो आजपर्यंत मुख्यतः याच पदार्थांवर जगत आला होता. नव्या आहाराची यादी त्यानें बारकाईनें दिली आहे. सकाळीं चार-पांच औंस मांस अथवा भाजलेले मासे, बिनदुधाचा व बिनसाखरेचा चहा आणि औंसभर सुका भाजलेला पाव. दुपारीं पांच-सहा औंस मासे किंवा मांस, बटाट्यावांचून कोणतीही भाजी, कोंबडी, आणि दोन-तीन पेले द्राक्षमद्य. तिसऱ्या प्रहरीं थोडीं फळें व कोरा चहा. रात्रीं पुन्हां तीन-चार औंस मांस व मद्याचा एखाददुसरा पेला. शिवाय निजतांना गरज वाटल्यास आणखी एक ग्लास, मात्र साखरेवांचून! मद्याविषयींची ही उदारता पाहून आमच्या एका मित्रानें हा आहार तत्काळ सुरू करण्याची तयारी दर्शविली. मीं त्याला पुढचें पान वाचूं दिलें नाहीं.

परिणाम मात्र निर्विवाद होता. १८६२ च्या ऑगस्ट अखेरीस २०२ पौंड असलेलें वजन पुढच्या वर्षीं सप्टेंबरांत १५६ वर आलें. ४६ पौंड म्हणजे जवळजवळ २१ किलो उतरले. कमरेचा घेर बारा इंचांहून अधिक कमी झाला. बँटिंग जिना सरळ तोंडानें उतरूं लागला, बूट स्वतः घालूं लागला, कानालाही गुण आला. कृतज्ञतेच्या भरांत त्यानें १८६३ सालीं 'लेटर ऑन कॉर्प्युलन्स' म्हणजे 'स्थूलतेविषयीं जनतेस पत्र' ही छोटी पुस्तिका स्वखर्चानें छापून फुकट वांटली. मागणी वाढली तेव्हां किंमत ठेविली, पण नफा धर्मादाय कामांस दिला. हजारों प्रती खपल्या, परभाषांत अनुवाद झाले. इंग्रजी बोलींत 'बँटिंग करणें' म्हणजे वजन उतरविण्यासाठीं पथ्य करणें असा प्रयोग रूढ झाला, आणि स्वीडिश भाषेंत तर आजही आहारानें वजन घटविण्यास 'बांता' असेंच क्रियापद आहे. इन्शुलिनच्या शोधानें १९२१-२२ मध्यें अमर झालेला कॅनडांतील फ्रेडरिक बँटिंग तो हा नव्हे, हें ओघानें सांगून ठेवतों; दोन्ही बँटिंगांचा साखरेशीं संबंध आल्यामुळें घोटाळा होणें साहजिक आहे.

वैद्यकीय मंडळींनीं या पत्राचें स्वागत केलें नाहीं. एका पेढीवाल्यानें वैद्यकांत लुडबूड करावी हेंच त्यांना खपेना. हार्वेचीही व्यवसायबंधूंनीं टर उडविली; त्यानें १८७२ सालीं स्वतः पुस्तक लिहून आपली बाजू मांडली. या भांडणांत कोणाची बाजू घ्यावी? माझें मत असें कीं दोघांचेंही अर्धेंच बरोबर होतें. वैद्य म्हणत, हा एका मनुष्याचा अनुभव आहे, त्यावरून सर्वांसाठीं नियम कसा बांधावा? हें खरें. परंतु तो अनुभव खोटा नव्हता, आणि वीस वर्षें त्याच वैद्यांना जें साधलें नव्हतें तें एका यादीनें साधलें होतें, हें त्यांनीं मोकळ्या मनानें पाहिलें नाहीं.

बँटिंगच्या यादींत मात्र एक गोष्ट आहे जी त्याच्या भक्तांच्या लक्षांत आली नाहीं. मीं पेन्सिल घेऊन बेरीज केली. ठराविक मांस व मासे दिवसाला १२ ते १५ औंस, म्हणजे साधारण ३४० ते ४२५ ग्रॅम भरतात. पूर्वीं तो यावर वाडगाभर दूध-पाव, लोणी लावलेले भाजलेले पाव, साखरेचा चहा, बिअर, गोड पक्वान्नें खात असे. तें सारें गेलें, आणि त्याच्या जागीं तितक्याच तोलाचें दुसरें कांहीं आलें नाहीं. म्हणजे अन्नाची जात बदलली तशी मात्राही घटली. या दोहोंपैकीं गुण कशाचा, हें एकट्या बँटिंगवरून कळणें शक्य नव्हतें. पुढील दीडशें वर्षांचा वाद याच एका ठिकाणीं अडकून राहिला आहे.

मधल्या काळांतील जर्मन वैद्यांचे पथ्यप्रकार मी सोडून देतों. त्यांत नांवें पुष्कळ, निष्कर्ष थोडा. १९२८ सालचा न्यूयॉर्कमधील प्रयोग मात्र सांगितलाच पाहिजे. विल्यल्मुर स्टेफान्सन हा उत्तर ध्रुवाकडील बर्फाळ प्रदेशांत वर्षानुवर्षें भटकलेला प्रवासी. तेथील इनुइट लोकांबरोबर राहून केवळ मांसमाशांवर आपण ठणठणीत राहिलों, असें तो सांगे. त्यावर कोणाचा विश्वास बसेना. तेव्हां तो व त्याचा सोबती कार्स्टेन अँडरसन बेलव्ह्यू रुग्णालयांत दाखल झाले आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीं सुरुवात करून एक वर्षभर मांसाशिवाय दुसरें कांहीं न खाण्याचा त्यांनीं पण केला. पण तडीस गेला. दोघांच्याही प्रकृतीस अपाय झालेला आढळला नाहीं. गमतीचा भाग असा कीं सुरुवातीस स्टेफान्सनला मुद्दाम चरबीविरहित मांस दिलें, तेव्हां तो दोन-तीन दिवसांत आजारी पडला. चरबी देतांच सुधारला. म्हणजे मांसाहार म्हटला तरी त्यांतही मुख्य भार स्निग्धावरच होता. पहिल्या आठवड्यांत दोघांचेंही वजन थोडें घटलें व मग स्थिर राहिलें.

या पहिल्या आठवड्याचें रहस्य आतां उलगडलें आहे, आणि तें प्रत्येक घरांत ठाऊक असावें असें मला वाटतें. आपलें शरीर थोडी साखर ग्लायकोजेन या रूपानें यकृतांत व स्नायूंत सांठवून ठेवतें, आणि त्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारें तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतें. पिष्ट व साखर बंद होतांच हा सांठा खर्च होतो आणि तें पाणी वाहून जातें. कांटा दोन-तीन किलो खालीं येतो, मनुष्य हरखून जातो व शेजाऱ्याला सांगत सुटतो. परंतु जें गेलें त्यांत मेद थोडा आणि पाणी फार. एक दिवस भाताचें जेवण झालें कीं तें पाणी परत येतें आणि तोच मनुष्य हताश होतो. दोन्ही वेळां कांटा खरें सांगतो. अर्थ आपण चुकीचा लावतों.

यानंतरची हकीगत बहुतेकांस ठाऊक आहे. १९७२ सालीं न्यूयॉर्कचे डॉक्टर रॉबर्ट ॲटकिन्स यांनीं लोणी, मांस, अंडीं पोटभर खा, फक्त पिष्ट व साखर जवळजवळ बंद ठेवा, असें सांगणारें पुस्तक काढलें. त्याच्या लक्षावधि प्रती गेल्या. अमेरिकेंतील वैद्यक संघटनेनें दुसऱ्याच वर्षीं त्यावर कडक टीका केली. १८६३ चेंच नाटक, पात्रें तेवढीं निराळीं! ॲटकिन्स २००३ सालीं बर्फावरून घसरून पडून वारले, आणि त्यांच्या नांवाच्या कंपनीस २००५ मध्यें दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. मत मात्र मेलें नाहीं.

आतां कसोटीकडे वळूं. एका बँटिंगवरून किंवा माझ्या पुतण्यावरून कांहीं ठरत नाहीं हें मान्य केलें, तर करावयाचें काय? शेंकडों माणसें घ्यावीं, त्यांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडावे, एकास एक पथ्य द्यावें, दुसऱ्यास दुसरें, आणि वजनें केवळ तीन महिने न घेतां वर्ष, दोन वर्षें, सहा वर्षें घेत राहावें. विसाव्या शतकांत असे प्रयोग फार थोडे झाले. एकविसाव्यांत बरेच झाले. अमेरिकेंतील ६३ स्थूल माणसांवरील एका प्रयोगाचा अहवाल २००३ मध्यें प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनीं ॲटकिन्स-पथ्याच्या गटाचें वजन सरासरी ७ टक्के उतरलें होतें, तर कमी स्निग्धाच्या नेहमींच्या पथ्याच्या गटाचें ३ टक्क्यांच्या आसपास. स्पष्ट विजय! परंतु वर्ष पुरें झालें तेव्हां हेच आंकडे ४.४ आणि २.५ वर आले होते, आणि त्यांतील अंतर निश्चयानें खरें मानावें इतकें उरलें नव्हतें. ॲटकिन्सवाल्यांनीं सहा महिन्यांत जें कमावलें त्यांतलें बरेंचसें पुढच्या सहा महिन्यांत परत केलें होतें.

याहून मोठा व माझ्या मतें अधिक बोलका प्रयोग इस्रायलमधला. दिमोना येथील एका संशोधनकेंद्रांतील ३२२ माणसांवर तो झाला आणि २००८ मध्यें प्रसिद्ध झाला. तेथें दुपारचें मुख्य जेवण केंद्राच्या उपाहारगृहांतच मिळे. त्यामुळें पथ्य पाळणें सोपें होतें, आणि दोन वर्षांच्या अखेरीस शेंकडा ८४ हून अधिक लोक टिकून राहिले. अशी शिस्त घरीं कोठून यावी? त्या दोन वर्षांत कमी स्निग्धाच्या गटाचें सरासरी २.९ किलो, भूमध्यसागरी आहाराच्या गटाचें ४.४ किलो आणि कमी पिष्टाच्या गटाचें ४.७ किलो वजन उतरलें. येथें बातमीदार थांबले. संशोधक मात्र थांबले नाहींत. त्यांनीं आणखी चार वर्षांनीं पुन्हां वजनें घेतलीं. आरंभापासून सहा वर्षांनीं कमी पिष्टाच्या गटाजवळ १.७ किलोची घट उरली होती, भूमध्यसागरी गटाजवळ ३.१, आणि कमी स्निग्धाच्या गटाजवळ अवघी ०.६. भूमध्यसागरी आहार म्हणजे ऑलिव्हचें तेल, भाज्या, कडधान्यें, मासे, सुकामेवा आणि बेताचा पाव; त्यांत कोणताही पदार्थ हद्दपार केलेला नसतो. आंकडे लहान आहेत, त्यांवरून मोठा जयघोष करूं नये. तरीही जें पथ्य सर्वांत कमी कडक होतें तेंच सर्वांत अधिक टिकलें, ही गोष्ट मला विचार करण्याजोगी वाटते.

कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठानें ६०९ माणसांवर वर्षभर केलेला प्रयोग २०१८ मध्यें प्रसिद्ध झाला. कमी स्निग्धवाले सरासरी ५.३ किलो उतरले, कमी पिष्टवाले ६ किलो. म्हणजे अंतर जवळजवळ नाहींच. परंतु या सरासरीच्या पोटांत पाहिलें तर दोन्ही गटांत कोणी २५ किलोंहून अधिक उतरले होते, आणि दोन्ही गटांत कोणाचें वजन उलट वाढलें होतें. कोणत्या मनुष्यास कोणतें पथ्य मानवेल हें त्याच्या आनुवंशिक गुणांवरून अथवा इन्शुलिनच्या प्रमाणावरून आधीं ओळखतां येईल, अशी जी आशा होती तीही या प्रयोगांत फोल ठरली. शाळेंत सरासरी शिकवितांना मी मुलांना सांगत असें कीं नदीची सरासरी खोली गुडघाभर असली तरी बुडून मरणारा मरतोच. येथें तेंच.

मग वजन परत कां येतें? याला आपण सहज 'मनुष्याचा लोभीपणा' म्हणतों. १९४४-४५ सालीं मिनेसोटा विद्यापीठांत ॲन्सेल कीज यांनीं ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटीं ठेविलें. युद्धानें उपाशी पडलेल्या युरोपास पुन्हां खाऊं कसें घालावें, हें त्यांना शोधावयाचें होतें. त्या तरुणांस मुख्यतः बटाटे, सलगम, पाव व मॅकरोनी असें पिष्टमयच अन्न दिलें जाई, आणि त्यांचें वजन सुमारें एकचतुर्थांश उतरलें! पिष्टच खाऊनही मनुष्य वाळतो, ही बँटिंगच्या पत्राची दुसरी बाजू. परंतु माझें लक्ष त्यानंतरच्या भागाकडे आहे. बंधन उठल्यावर त्या मुलांची भूक महिनोन् महिने शमेना. पोट भरलें तरी ते खात राहिले आणि कांहीं काळ त्यांच्या अंगावरील मेद पूर्वींपेक्षांही वाढला. हे संयमी, ध्येयवादी तरुण होते. लोभी म्हणण्यासारखे नव्हते. वजन घटलें कीं शरीर खर्च आंखडतें व भूक वाढवितें, हें पुढील संशोधनानें पक्कें केलें आहे. पथ्य पिष्टाचें असो वा स्निग्धाचें, शरीराचा हा हट्ट सुटत नाहीं. म्हणून पुतण्याच्या प्रश्नास माझें उत्तर असें : कमी पिष्टाचें पथ्य वजन उतरवितें, पहिल्या सहा महिन्यांत बहुधा इतरांपेक्षां जलद उतरवितें, परंतु टिकविण्याची कोणतीही वेगळी किमया त्याच्याजवळ असल्याचें आजपर्यंत दिसलेलें नाहीं. जो मनुष्य तें वर्षानुवर्षें पाळूं शकतो त्याचें टिकतें. बँटिंग त्यांतलाच असावा. १८६९ सालीं त्यानें पत्राची चौथी आवृत्ति काढली, तेव्हांही तो आपल्या पथ्याशीं एकनिष्ठ होता. आणि ८१ वर्षांचा होऊन तो १८७८ मध्यें वारला.

हें सर्व वाचीत असतां मीं स्वतःही प्रयोग केला, तो सांगितल्यावांचून सुटका नाहीं. जानेवारींत माझें वजन ८४ किलो होतें. भात, पोळी, भाकरी, साखर बंद केली. चार महिन्यांत ७७ झालें. मला अभिमान झाला. त्याच उत्साहांत मीं सौभाग्यवतीसही ओढलें, आणि येथें माझ्या हातून जी चूक झाली ती इतरांनीं करूं नये म्हणून सांगतों. तिला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळीं ती जी गोळी घेते ती स्वादुपिंडाकडून इन्शुलिन सोडवून घेणारी आहे. तिसऱ्या दिवशीं सकाळीं तिनें गोळी घेतली, भाकरी घेतली नाहीं. अकराच्या सुमारास ती ओट्यापाशीं उभी असतां घामानें डबडबली, हात थरथरूं लागले, बोलणें अडखळूं लागलें. घरांतील यंत्रावर रक्तांतली साखर ५८ निघाली. साखरपाणी दिलें, पंधरा मिनिटांत ती सांवरली. मी मात्र दिवसभर सांवरलों नाहीं. डॉक्टरांनीं मला चांगलेंच फैलावर घेतलें. पिष्ट कमी केल्यानें मधुमेह्याची साखर खरोखर उतरते, म्हणूनच गोळीचें किंवा इन्शुलिनचें मान आधीं बदलावें लागतें, आणि तें डॉक्टरांनीं बदलावयाचें असतें, इतिहासाच्या मास्तरानें नव्हे, असें ते म्हणाले. मग त्यांनीं तिची गोळी निम्मी केली, भात अर्धी वाटी ठेविला, आणि उसळ व ताक वाढविलें. ती आतां बरी आहे.

डॉक्टरांचें एक म्हणणें मला पटलें. आपल्या देशांत पिष्ट कमी करण्यास जागा आहे, ती पाश्चात्यांपेक्षां अधिक आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणींत, आपल्या आहारांतील ऊर्जेचा ६० टक्क्यांहून अधिक भाग धान्य, पिष्ट व साखर यांतून येतो असें दिसलें. त्याच पाहणीचा दुसरा निष्कर्ष असा कीं एकंदर पिष्ट तितकेंच ठेवून नुसतें पांढऱ्या धान्याऐवजीं गहूं वा भरड धान्याचें पीठ घेतल्यानें मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाहीं. चार भाकऱ्या ज्वारीच्या आहेत म्हणून निश्चिंत राहणाऱ्या मजसारख्यांना हें जरा झोंबणारें आहे. आणि उपवासाचें तर बोलूंच नये! साबुदाणा, बटाटा, रताळें, राजगिऱ्याची वडी. हार्वेनें वर्ज्य केलेले पदार्थ शोधून शोधून एका ताटांत मांडले तर आमची एकादशी होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायांत अतिस्थूलाची चिकित्सा आहे. तींत पचावयास जड पण पोषण थोडें करणारें अन्न द्यावें असें सांगून यव, मूग, कुळीथ असे पदार्थ सुचविले आहेत. धान्य तेथें हद्दपार नाहीं. मात्र साबुदाणाही नाहीं.

माझ्या ७७ किलोंचें काय झालें, हें विचारण्याचें सौजन्य कोणी दाखविलें नाहीं तरी सांगतों. गणपतींत मोदक आले, पितृपक्षांत चार घरचीं आमंत्रणें आलीं, आणि काल सकाळीं कांटा ८० वर होता. भात मीं एक वेळचा केला आहे, साखर चहांतून गेली आहे. पोळी परत आली. पुतण्याचाही परवां फोन आला होता. त्याच्या ११ किलोंपैकीं ४ परत आले आहेत, असें त्यानें आवाज उतरवून सांगितलें. यंदा दिवाळीला तो येणार आहे. काकूला त्यानें निरोप दिला आहे कीं अनारसे थोडेच करावेत. मुळींच करूं नयेत, असें मात्र तो म्हणाला नाहीं.